राखाडी तार

मिस्त्री लेकीला पाठुंगळी घेऊन पाचव्या मजल्यावरून निघाला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. लेक चौदा वर्षांची, वजन बेचाळीस किलो, डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर. मागून बायको येत होती, एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात कुबड्या. चौथा मजला झाला, तिसरा झाला. दुसऱ्याच्या अलीकडच्या वळणावर मिस्त्रीचा पाय सरकला. पडता पडता त्याने अंग फिरवलं, त्यामुळे मुलगी त्याच्यावर पडली. त्याचं कोपर भिंतीवर घासून सोलवटलं आणि प्लास्टरला टाचेपासून वर वीतभर चीर गेली.

भिंतीपलीकडून लिफ्ट वर गेल्याचा आवाज आला.

"बाबा," मुलगी तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "आपल्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. तुमच्या कानावर आलं असेल."

बायकोला हसू आलं नाही. तिने दप्तर पायरीवर ठेवलं, मुलीचा पाय चाचपून पाहिला आणि उठून म्हणाली, "आता बास."

बावीस वर्षं हा माणूस लिफ्टवर पोट भरत होता. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींमधल्या लिफ्ट त्याला आवाजावरून ओळखता येत. आणि गेले चौदा महिने तो स्वतः एकाही लिफ्टमध्ये चढला नव्हता, घरच्यांनाही चढू देत नव्हता. मुलीचा पाय शाळेच्या पायऱ्यांवरून उडी मारताना मोडला. तो मोडेपर्यंत घरातल्यांनी हे निमूट चालवून घेतलं होतं. जिने चढल्याने तब्येत सुधारते, असं बायको शेजाऱ्यांना सांगायची.

"मी हिला घेऊन ताईकडे जाते," ती म्हणाली. "तिचं घर तळमजल्यावर आहे."

"किती दिवस?"

"ते तुम्ही ठरवा. ज्या दिवशी हिला लिफ्टमधून घरी आणाल, त्या दिवशी आम्ही परत येऊ."

"अगं, मी ती लिफ्ट तीनदा तपासली आहे. दोर, ब्रेक, दारं, सगळं. तिच्यात काही दोष नाही."

"नाही ना? मग तपासायचं तिला नाही, तुम्हाला आहे."

बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचं काम करायची. दुकानात येणाऱ्या एका नर्सने तिला सरकारी रुग्णालयातल्या एका खोलीबद्दल सांगितलं होतं. ज्यांच्या मनावर असा काही आघात झाला आहे त्यांच्यासाठी तिथे एक बाई बसतात, मंगळवारी आणि शुक्रवारी. खोलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी तीन महिने पर्समध्ये पडून होती. ती तिने नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात कोंबली आणि मुलीला लिफ्टने खाली नेलं. मिस्त्री जिन्यात उभा राहून ओरडत होता. काय ओरडत होता, ते त्याला नंतर आठवलं नाही.

*

झालं होतं ते असं. एका अकरा मजली ऑफिसच्या इमारतीत दुरुस्ती चालू असताना त्याचा जोडीदार लिफ्टमध्ये सापडून जागच्या जागी गेला. जोडीदाराला सगळे पैलवान म्हणत, कारण त्याचं वजन सत्तेचाळीस किलो होतं. दोघं एकोणीस वर्षं बरोबर काम करत होते. या दोघांना वेगवेगळ्या ड्युट्या लावल्या तर एकाचा डबा दुसऱ्याबरोबर जातो, असं कंपनीत गमतीने म्हणत. चौकशी झाली, दीड पानांचा अहवाल आला. मिस्त्रीने कोणी विचारण्याआधीच सांगून टाकलं होतं, "तार मी लावली. काढायला मी विसरलो." अहवालातही तेच आलं. कंपनीने त्याला कामावरून काढलं नाही, स्टोअरमध्ये बसवलं. आलेल्या मेकॅनिकला रोलर, बेल्ट, स्प्रिंग काढून द्यायची आणि सही घ्यायची, एवढंच काम.

बसवलं म्हणायचं, पण तो बसायचा कुठे? चहा उभ्याने प्यायचा. घरात आला की दार लावून तीनदा ढकलून बघायचा, मग खिडक्या, मग पुन्हा दार. खुर्ची घ्यायची ती भिंतीला टेकून, तोंड दाराकडे करून, आणि तीही पाच मिनिटांत रिकामी. शेजारी मिक्सर लागला की याच्या मानेवर काटा उभा राहायचा. झोपेत पाय चालत. "माझ्या बाजूला सायकलस्वार झोपतो," असं बायको बहिणीला सांगायची.

आणखी एक होतं. अपघातानंतर पैलवानाच्या घरी तो एकदाही गेला नव्हता. अकरा वेळा निघाला होता. पैलवानाच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, घराच्या कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं, तिथपर्यंत जाऊन गरज नसलेली खोकल्याची गोळी घ्यायची आणि परत फिरायचं. स्टोअरच्या खणात त्या गोळ्यांच्या पट्ट्या साठल्या होत्या.

*

रुग्णालयातली ती खोली चौथ्या मजल्यावर निघाली. मिस्त्री जिने चढून धापा टाकत पोचला. बाई पन्नाशीच्या आसपासच्या होत्या, पायात खेळाचे बूट, समोर जाड वही. त्यांनी खुर्ची दाखवली. तो बसला, खुर्ची डुगडुगली, तो लगेच उठला. उलटी करून पाहिली. एक पाय आखूड होता. खिशातल्या कागदाची घडी करून त्याने पायाखाली दिली, बसून पाहिलं, पुन्हा उठला, घडी आणखी जाड केली. असा अर्धा तास गेला.

"आता बसता का?" बाईंनी विचारलं.

"बसलं की त्रास होतो."

"मग उभ्याने बोला. मी मात्र बसते, माझे गुडघे दुखतात."

मंद दिवे आणि गोड आवाज असं काहीतरी असेल, अशी त्याची समजूत होती. बाईंचा आवाज बँकेतल्या माणसासारखा होता. झोप किती होते, काय काय टाळता, कुठला आवाज सहन होत नाही, हे सगळं त्यांनी विचारून लिहून घेतलं.

"हे डोक्यातून काढून टाकता येतं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग मी कशाला आलोय?"

"सांगते. आत्ता ती गोष्ट मनात आली की तुम्ही पळता. पळता म्हणून ती मागे लागते. आपण इथे थांबून तिच्याकडे बघणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा, तुम्हाला कंटाळा येईपर्यंत."

"कंटाळा?"

"हो. कंटाळा आला की समजायचं, जखम भरायला लागली."

मिस्त्रीला हे चक्रम वाटलं. "म्हणजे मी आत जंपर टाकून ठेवलाय, असं म्हणायचंय तुम्हाला."

"मला त्यातलं काही कळत नाही. जंपर म्हणजे काय?"

तेव्हा तो बसला. बाईंचं पेन घेतलं आणि केसपेपरच्या मागे चित्र काढायला लागला. लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला एक लहानसा खटका असतो. दार नीट लागलं की खटका जुळतो, वीज पुढे जाते. एक जरी दार उघडं असलं तरी वीज तुटते आणि लिफ्ट जागची हलत नाही. हा खटकाच बिघडला तर कुठल्या मजल्याचा बिघडलाय ते शोधायला मेकॅनिक वर पॅनलमध्ये एक तार जोडून सगळ्या खटक्यांना बगल देतात. लिफ्टला वाटतं, दारं लागलेली आहेत. ती तार म्हणजे जंपर. ती लाल हवी, हातभर लांब हवी, पॅनलच्या बाहेर लोंबायला हवी. काम झालं की काढून, मोजून पेटीत.

"एवढे नियम कशाला?"

"विसरू नये म्हणून. ती आत राहिली तर दार उघडं असतानाही लिफ्ट चालते."

"आणि त्या दिवशी?"

त्याने पेनला टोपण लावलं. "वेळ झाली बहुतेक," तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला.

"ते घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे," बाई म्हणाल्या.

*

काम तिसऱ्या मंगळवारी सुरू झालं. डोळे मिटायचे आणि तो दिवस आत्ता घडतो आहे असा सांगायचा. बाई मध्येच विचारत, "अस्वस्थपणा शून्य ते शंभरात किती?" मोजमाप म्हटल्यावर मिस्त्रीला जरा हुरूप आला. पहिल्या दिवशी पंच्याण्णव. सगळं फोनवर रेकॉर्ड व्हायचं आणि घरी रोज एकदा ऐकायचं.

"मी वर मशीन रूममध्ये आहे. पॅनल उघडलंय. टेस्टर हातात आहे. तार लावलीय. लिफ्ट चालतेय, म्हणजे बिघाड दाराच्या खटक्यात. सातव्या मजल्याचा निघतो. आम्ही तो बदलतो. पैलवान तिसऱ्यावर जातो, लिफ्ट तिथेच उभी आहे, दाराच्या खाचेत खडे अडकलेत ते काढायला. मी वर येऊन फोन करतो, चालू करतोय. तो म्हणतो, कर, माझं दार उघडंच आहे, ती हलणार नाही. मी स्विच फिरवतो. नवव्या मजल्यावर कोणीतरी आधीच बटण दाबून ठेवलंय. मोटर फिरते. माझ्यासमोर चाक फिरतंय. मला कळत नाही ते का फिरतंय. दार उघडं आहे, मग ते का फिरतंय."

पुढचं तो सांगायचा तेव्हा त्याच्या तळहाताला घाम सुटायचा. पण सांगायचा सगळं. चाक थांबलं, तो तिसऱ्यापर्यंत धावत उतरला आणि मध्ये त्याला एक बाई फुलझाडांच्या कुंड्यांना पाणी घालताना दिसली, हेसुद्धा.

चार आठवडे झाले, सात वेळा सांगून झालं. आकडा पंच्याण्णवचा ब्याण्णव झाला.

रविवारी तो मेहुणीकडे जाऊन यायचा. प्लास्टर निघालं होतं. मुलगी आता लंगडत का होईना चालत होती.

"बाबा, आता मी जिना चढू शकते. येऊ का घरी?"

"नाही," बायको आतून म्हणाली. "ठरलंय ते ठरलंय."

"आई, पण आता लिफ्टची गरजच नाही ना."

"गरज तेव्हाही पायाला नव्हती."

मिस्त्री दारातच उभा होता. मेहुणीने त्याला तीन वेळा बसायला सांगितलं. चौथ्यांदा तिने खुर्चीवर धुतलेले कपडे ठेवून दिले.

पुढच्या मंगळवारी बाईंनी वही मिटली. "रेकॉर्डिंग रोज ऐकता?"

"रोज."

"बसून?"

"चालत."

"पूर्ण?"

तो म्हणाला, "एका ठिकाणी आवाज बारीक करतो."

"स्विच फिरवता तिथे?"

"नाही. सुरुवातीलाच. तार येते तिथे."

बाईंनी वही पुन्हा उघडली. मागची पानं पाहिली. "डोळे मिटा. तुम्ही दर वेळी म्हणता, टेस्टर हातात आहे, तार लावलीय. तार लावताना मी तुम्हाला अजून एकदाही पाहिलेलं नाही. तार कुठून आली?"

"पेटीतून."

"पेटी कुठे आहे?"

पेटी तळमजल्यावर होती. लिफ्ट बंद, म्हणून जड पेटी खालीच ठेवून दोघं टेस्टर आणि दोन पाने घेऊन अकरा मजले चढले होते.

"पेटी खाली आहे," तो म्हणाला. "लाल जंपर खाली आहे."

"मग आता तुमच्या हातात काय येतंय?"

त्याचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, तळवा वर. "पैलवान शेजारी उभा आहे. पॅन्टच्या खिशातून तारेचा तुकडा काढतो. राखाडी, वीतभर. पॅनलमधल्या बाकीच्या तारांसारखाच. दाताने टोकं सोलतो. प्लास्टिक थुंकतो. म्हणतो, घे, पेटीसाठी अकरा मजले कोण उतरतंय, पाच मिनिटांचं तर काम." तो थांबला. "मी हसतो. म्हणतो, तुझे दात जातील एक दिवस. आणि घेतो."

"आकडा?"

त्याने डोळे उघडले. "आकडा? झालं तुमचं समाधान? मेलेल्या माणसाच्या खिशात हात घातलात तुम्ही."

तो उठला, खुर्ची मागे आपटली, आणि तो निघून गेला.

*

पुढचा मंगळवार त्याने चुकवला. शुक्रवारही चुकवला. बाईंनी एकदा फोन केला. "तुमची वेळ राखून ठेवली आहे," एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला.

आधी बरं होतं, असं त्याला वाटायचं. दोषी एकच होता आणि तो चोवीस तास हाताशी होता. त्याला कितीही झोडपलं तरी कोणाची हरकत नव्हती. आता दोषात दुसरा माणूस आला होता, आणि त्याचा राग येत होता. सत्तेचाळीस किलोच्या, मेलेल्या, एकोणीस वर्षं अर्धी भाजी याच्या डब्यात टाकणाऱ्या माणसाचा राग. स्टोअरमध्ये एका मेकॅनिकने तारेचं भेंडोळं मागितलं, तर मिस्त्रीने ते त्याच्या अंगावर फेकलं. सुट्टीच्या दिवशी तो सकाळी घरातून निघाला आणि शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. बसच्या थांब्यांवरून, पुलाखालून, भाजी मंडईच्या मागच्या गल्लीतून. बूट चावायला लागले तेव्हा तो औषधांच्या दुकानापाशी होता.

दुकानदाराने न विचारता खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी पुढे केली. "नको," मिस्त्री म्हणाला, आणि कोपरा ओलांडला.

वहिनी घरातच पाळणाघर चालवत. दुपारचे दोन वाजले होते. दार उघडताच त्यांनी आधी ओठांवर बोट ठेवलं. आत सतरंजीवर सहा मुलं ओळीने झोपली होती.

"आत्ताच डोळे मिटलेत सगळ्यांनी," त्या कुजबुजल्या. "चपला बाहेर. आणि काय बोलायचं ते हळू."

"बूट आहेत."

"तेच ते."

सोळा महिने जे बोलायचं राहिलं होतं ते असं कुजबुजत बोलावं लागेल, याचा त्याने विचार केला नव्हता. तो भिंतीशी उभा राहिला. वहिनी धुतलेल्या लंगोटांच्या घड्या करत बसल्या. त्याने सांगितलं. पेटी, अकरा मजले, खिसा, दात. सांगताना मध्ये एका मुलाने कूस बदलली, तेव्हा दोघंही श्वास रोखून थांबले.

"खिशात तारा असायच्या, हे तुम्ही मला सांगताय?" वहिनी म्हणाल्या. "कपडे कोण धुवायचं, भावजी? वॉशिंग मशीनच्या जाळीत अडकायच्या. मशीन दोनदा बंद पडलं. हे लिफ्ट दुरुस्त करणारे आणि यांच्या मशीनला माणूस बाहेरून बोलवायचा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांचे हात थांबले. "तारा माहीत होत्या. कशासाठी, ते माहीत नव्हतं. मला वाटायचं, सवय असेल. काही माणसं सुतळी जमवतात."

वहिनींनी एका लंगोटाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"चौकशीवाले म्हणाले, चूक तुमची. मी म्हटलं, असेल. चुका होतात. पण तुम्ही आलाच नाहीत. दहाव्याला नाही, बाराव्याला नाही, वर्ष झालं तेव्हाही नाही. तेव्हा मला वाटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय."

"लपवतच होतो."

"कोणाला? आमच्या माणसाला? त्याला देवाचा अवतार करून ठेवा, असं मी तुम्हाला सांगितलं होतं?" त्यांचा आवाज चढला आणि त्यांनी स्वतःच तोंडावर हात धरला. मग तसंच बोटांआडून म्हणाल्या, "आत्तापर्यंत एकट्या तुमच्यावर रागवायचं होतं. आता दोघांवर रागवावं लागेल. कामच वाढवून ठेवलंत."

ओळीतलं शेवटचं मूल जागं झालं आणि रडायला लागलं. त्याच्या आवाजाने दुसरं हलायला लागलं. वहिनींनी एकाला थोपटत दुसरं उचलून मिस्त्रीकडे दिलं. "बसा. उभ्याने घेतलं तर ही झोपत नाही. फेऱ्या मारायच्या नाहीत, नुसतं धरायचं."

जागा एकच होती, सतरंजीच्या कडेला, दाराकडे पाठ करून. तो बसला. पोरगी दीड वर्षांची असेल, तिने त्याच्या शर्टाचं बटण मुठीत धरलं. त्याच्या पोटऱ्या उठायला बघत होत्या. मागे दार वाजल्यासारखं वाटलं, तरी तो वळला नाही, कारण वळला असता तर ती उठली असती. चाळीस मिनिटं. पाय मुंग्या येऊन बधिर झाला.

निघताना वहिनींनी विचारलं, "पुन्हा कधी येणार?"

"सांगतो."

"सांगू नका. या."

*

मंगळवारी तो बाईंकडे गेला. माफी वगैरे मागितली नाही, बाईंनीही अपेक्षा दाखवली नाही. त्याने डोळे मिटले आणि या वेळी गोष्ट पेटीपासून सुरू केली. दोघं जिने चढताना पैलवान काय काय बोलत होता, तेही त्याला आठवत गेलं. तो राग, ते हसणं, सगळं आता गोष्टीत होतं. आकडा आधी सत्त्याण्णववर गेला. बाई म्हणाल्या, जाऊ दे. पुढच्या वेळी ऐंशी. मग साठ. घरी तो रेकॉर्डिंग खुर्चीत बसून ऐकायला लागला. खुर्ची भिंतीशीच होती, पण बसत होता. सहाव्यांदा सांगताना, मोटर फिरते इथे, त्याला जांभई आली. तो स्वतःच दचकला.

"माफ करा."

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या आणि वहीत तारीख घालून लिहिलं, 'जांभई'.

मग दुसरी यादी निघाली. काय काय टाळतो ते, सोप्याकडून अवघडाकडे. लिफ्टच्या दारासमोर पाच मिनिटं उभं राहणं, चाळीस. रुग्णालयाच्या लिफ्टमधून एक मजला, सत्तर. बाई बरोबर आल्या. बंद दारात तो कोपऱ्यात उभा राहून दोरांचा, बाजूच्या रुळांचा, ब्रेकचा आवाज ऐकत होता.

"खिशात हात का आहे?" बाईंनी विचारलं.

खिशात लिफ्टचं दार बाहेरून उघडायची किल्ली होती. मेकॅनिककडे असते तशी.

"ती माझ्या टेबलावर ठेवून या. किल्ली घेऊन चढलात तर चढलात असं होत नाही. तुम्ही पळायची वाट हातात धरून उभे आहात."

किल्लीशिवाय पुन्हा सत्तर. मग एकट्याने चार मजले. मग स्वतःच्या इमारतीत, पहाटे, दुपारी, गर्दीत. पाचव्या मजल्यापर्यंत सव्वीस सेकंद लागतात, हे त्याला पाठ झालं. यादीत सगळ्यात वर त्याने स्वतःच लिहिलं होतं, मुलगी लिफ्टमध्ये एकटी, मी खाली. शंभर. त्याच्या खालचं होतं, मुलगी माझ्याबरोबर. नव्वद. बाई म्हणाल्या, नव्वदपासून सुरू करू.

कंपनीने विचारलं, पुन्हा साइटवर येतोस का? तो म्हणाला, अजून सांगता येत नाही. स्टोअरमध्येच राहिला. मात्र स्टोअरमधून जाणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकला तो लाल, हातभर लांब जंपर द्यायचा आणि परत घेतल्याशिवाय सही करायचा नाही. पोरं वैतागायची. "खिसे दाखव," तो म्हणायचा. ते मागाहून त्याची नक्कल करत, हे त्याला माहीत होतं.

*

शनिवारी दुपारी तो दोघींना आणायला गेला. मुलीचा पाय आता पूर्ण बरा होता. मेहुणीने निरोप देताना सांगितलं, "खुर्ची रिकामी आहे हो, पुढच्या वेळी बसा." तो दोन मिनिटं टेकला. दोनच.

इमारतीच्या फाटकापाशी गाडी थांबली. बायको मागे राहून पिशव्या उतरवत होती. मिस्त्री आणि मुलगी लिफ्टपाशी आले. लिफ्ट खालीच होती. दार उघडलं. ठरलं होतं की दोघांनी बरोबर जायचं. आदल्या रात्री त्याने आकडासुद्धा आधीच लिहून ठेवला होता, पंच्याऐंशी.

मुलगी आत गेली, वळली. तो उंबरठ्याबाहेरच उभा होता.

"येताय ना?"

"हो." पाय निघाला नाही.

"बाबा, मी एकटी जाऊ?" ती सहज म्हणाली. चेष्टेचा सूर नव्हता. "पाचवा तर मजला आहे. मी शाळेत रोज जाते हो लिफ्टने. तुम्हाला सांगितलं नाही."

दार मिटायला लागलं. मिस्त्रीचा उजवा बूट आपोआप पुढे गेला. बावीस वर्षं असाच जात आला होता, मिटणाऱ्या दारात. टोक उंबरठ्याच्या खाचेवर आलं. शंभर, त्याच्या डोक्यात आकडा आला. त्याने बूट मागे घेतला.

दार लागलं. खटका जुळल्याचा आवाज त्याला ऐकू आला. वर लाल आकडा, एक.

त्याला पळायचं होतं. जिना डावीकडे होता. तीन-तीन पायऱ्या चढून तिच्याआधी वर पोचता आलं असतं, निदान तिसऱ्यावर पोचून दाराला कान लावता आला असता. त्याने भिंतीला हात लावला, काढला, पुन्हा लावला. दोन. दोर थोडा कुरकुरला. हा आवाज नेहमीचा आहे, त्याने स्वतःला सांगितलं, पुलीच्या डाव्या बाजूचा. तीन. तिसऱ्यावर तो नेहमीपेक्षा जास्त रेंगाळला असं वाटलं. रेंगाळला नव्हता. पाठीवरून घामाची धार ओघळली. चार. आता जिन्याकडे तोंड होतं त्याचं, कधी वळलं ते कळलं नाही. पाच.

वर दार उघडलं. पावलं वाजली. मग जिन्याच्या पोकळीतून आवाज आला, "पोचले! किल्ली कोणाकडे आहे?"

बायको दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आत आली. लिफ्टचं बंद दार पाहिलं, वरचा आकडा पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं.

"कुठे गेली?"

"वर."

"एकटी?"

"हो."

तिने जड पिशवी त्याच्या हातात दिली. पिशवीतली भांडी किणकिणली.

"मग बटण दाबा ना," ती म्हणाली. "उभे काय राहिलात?"